कानात गाणारी भिंत

नाटकगृहाची मागची भिंत तडकली ती शेजारच्या खड्ड्यामुळे. शेजारी नवी इमारत उठायची होती. तिच्या तळघरासाठी जमीन इतकी खोल उकरली, की कुणीतरी पायाखालची चादर ओढतंय असं नाटकगृहाला वाटलं असावं. एका सकाळी रंगमंचामागच्या विटांवरून, छतापासून थेट झाडू ठेवायच्या कोपऱ्यापर्यंत, एक तडा उतरलेला दिसला. केसाएवढा बारीक. पण केस विंचरून बाजूला सारता येतो, तडा येत नाही.

इमारती तपासणारे साहेब आले, भिंतीवर बोटं फिरवून गेले. जाताना म्हणाले, "भिंत आज पडत नाही. उद्याचं मला विचारू नका, भिंतीला विचारा." आणि अट घातली: आत प्रेक्षक असतील तोवर भिंतीवर लक्ष ठेवणारी पेटी अखंड चालू पाहिजे. पेटी बंद, तर नाटक बंद.

भिंतीला विचारायचं काम भिंगरीकडे आलं. हे नाव तिच्या मावशीनं ठेवलेलं. लहानपणी ही पोर एका जागी ठरायची नाही. घड्याळ दिसलं की मागून पाहायची, शिवणयंत्र दिसलं की खाली शिरायची. आता ती चाळिशीला टेकली होती. रेडिओच्या लहरींनी भिंतीच्या पोटात डोकावणारी यंत्रं बनवायचा तिचा स्वतःचा छोटा कारखाना होता आणि बाहेर सगळे तिला मॅडम म्हणायचे. पण या नाटकगृहात ती भिंगरीच. मावशी इथली जुनी नटी, आणि भिंगरीचं निम्मं बालपण इथल्या पडद्यांच्या घड्यांमध्ये झोपून गेलेलं.

पेटी जेवणाच्या डब्याएवढी होती. ती तड्याजवळ बसवताना व्यवस्थापकांनी विचारलं, "ही नेमकं करते काय?"

"टिचकी मारते."

"टिचकी?"

"मडकं घेताना मारून बघतो ना आपण, तशी. फक्त ही रेडिओची. इतक्या झटक्यात संपते, की तिच्यात एकच एक सूर धरून ठेवता येत नाही, सगळेच सूर थोडे थोडे सांडतात. जाड सूर भिंतीत खोल जातात, बारीक सूर बारीक भेगा दाखवतात. माघारी येऊन सांगतात, तडा कालच्या जागी आहे की सरकलाय."

"आणि आमचे फोन, रेडिओ वगैरे?"

"त्यांना पत्ताही लागत नाही. एका सुरात ओरडलं तर शेजारी भांडायला येतो. सगळ्या सुरांत मिळून कुजबुजलं, तर कुणाच्याच वाट्याला काही येत नाही."

हे ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी शेजारी भांडायला आला.

शेजारी म्हणजे कुजबुजराव, नाटकाचे प्रॉम्प्टर. विंगेत बसायचं, नट अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा, हेच जन्मभराचं काम. त्यामुळे मोठ्यानं बोलायची सवयच मोडलेली. भाजीचा भावसुद्धा ते असा विचारायचे, की भाजीवालीला वाटावं काहीतरी भानगड आहे.

"अगं भिंगरे," ते तिच्या खांद्याशी येऊन पुटपुटले, "तुझी पेटी माझ्या रेडिओत गाते."

"गाते? काका, खरखरते म्हणायचंय का तुम्हाला?"

"खरखर मला कळते. ही गाते."

"पण तुम्हाला रेडिओ कशाला लागतो?"

कुजबुजरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दिवेवाल्याला सूचना द्यायला."

भिंगरीनं वळून पाहिलं. दिवेवाला कुजबुजरावांच्या स्टुलापासून हातभर अंतरावर बसायचा. सूचना द्यायला त्याला कोपरानं ढोसलं असतं तरी पुरलं असतं. पण रावांच्या कपाळावर घाम आला होता, म्हणून तिनं तो विषय सोडला. तिनं फक्त रेडिओची वारंवारता विचारून घेतली आणि तिचं मोजायचं यंत्र लावलं. कुठल्या सुरात किती ताकद आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. पेटीची रेघ पडद्यावर सपाट पसरली होती, परवानगीच्या रेषेच्या बरीच खाली, निवांत.

"काका, बघा. नियमात बसतंय सगळं."

"नियमात बसतंय," राव म्हणाले, "कानात बसत नाही."

हे वाक्य भिंगरीच्या डोक्यात काटा मोडावा तसं राहून गेलं. तिची पेटी खरखरली तर एकवेळ समजण्यासारखं होतं. सगळे सूर सारखे सांडले की वाळू ओतल्यासारखा आवाज यावा. गाणं कुठून येईल? आणि नेमका कुणाचा कान?

दुपारी तालीम लागली. नाटकात मावशी एक म्हातारी न्यायाधीश झाली होती. शेवटच्या अंकात ती खुर्ची सोडून मागे जाते, भिंतीला पाठ टेकते आणि स्वतःच्या मुलाविरुद्धचा निकाल सांगते. पानभर लांब भाषण, मध्ये कुणी बोलत नाही, हलत नाही. भिंत तीच, तड्याची. पेटी मावशीच्या डोक्यापासून चार विटा पलीकडे.

मावशीनं सुरुवात केली. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांनीही सावरून बसावं. चार वाक्यं झाली आणि ती थांबली. हात डाव्या कानावरच्या केसांकडे गेला. भिंगरीनं विंगेत पाहिलं, तर कुजबुजरावांचे ओठ हलत होते, समोर मुठीएवढा माइक. मावशीचे डोळे मिटले, कपाळ आक्रसलं, ओठ एकदा उघडून बंद झाले. शब्द काही आला नाही.

"पाणी," मावशी म्हणाली. न्यायाधीशाच्या तोंडी पाणी नव्हतं.

भिंगरीनं गुपचूप पेटी बंद केली. मावशीनं घोटभर पाणी पिऊन पुन्हा धरलं, आणि भाषण ओढ्यासारखं खळखळत शेवटाला गेलं. पुढच्या खेपेला भिंगरीनं पेटी चालू ठेवली. मावशी त्याच जागी आपटली.

दिवेवाल्याला सूचना द्यायचा रेडिओ! भिंगरीनं पेटी तशीच चालू ठेवली आणि मावशीला शोधायला निघाली.

रंगभूषेच्या खोलीत मावशी आरशासमोर बसून होती. भिंगरीनं दार लोटून घेतलं.

"मावशी, डाव्या कानात काय आहे?"

"मळ."

"मावशी."

"म्हाताऱ्या बाईच्या कानात काय असायचं? तुझ्या आईला विचार, तिच्या तर दोन्ही कानांत आहे. जन्मात कधी माझं ऐकलं नाही तिनं."

"मी पेटी बंद केली की तू बोलतेस. चालू केली की अडतेस."

मावशीनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. मग हसली, पण डोळे बाजूलाच राहिले. हळू आवाजात, बोटांनी टेबलावर ठेका धरून म्हणाली,

"भिंतीला गं कान फुटले, माझ्या कानी भिंत झाली,
भाचीनं गं दिवा लावला, मावशीला रात झाली."

"आत्ता जुळवलंस?"

"आत्ता. जुनं आठवतंय कुठं? जुळवायला लागतं तेवढं अजून आहे." तिनं केस मागे सारले आणि कानातून वालाच्या दाण्याएवढं काहीतरी काढून तळहातावर धरलं. "गेल्या वर्षापासून. शब्द निसटतात गं. सगळे नाही. वाटेवरचे दिवे मधूनमधून विझावेत तसे. पुढचा दिवा दिसला की मी चालत जाते. राव तेवढा दाखवतात. आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही."

"मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू डोळे मोठे करून यंत्रासारखी मला मागून-पुढून बघितली असतीस." मावशीनं खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "शनिवारी पहिला प्रयोग. तुझी पेटी बंद ठेवली तर साहेब कुलूप लावतील. चालू ठेवली तर मी तिथं, सगळ्यांसमोर, भिंतीला टेकून मुकी उभी. व्यवस्थापकांनी दुसऱ्या एकीला संवाद पाठ करायला दिलेत. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. हे एवढं काम करू दे मला, भिंगरे. मग देईन तिला खुशाल."

भिंगरीनं तिच्या तळहाताकडे हात नेला. "मी ऐकू?"

मावशीनं दाणा दिला. देताना बोटं जरा अडली.

पेटी चालू केलेली होतीच. भिंगरीनं दाणा कानात घातला, रंगमंचावर जाऊन भिंतीला पाठ टेकली आणि श्वास रोखला. कुजबुजराव बरोबर म्हणत होते. खरखर नव्हती ती. एक सूर होता, नाकात बोलल्यासारखा, सरळ, न थकणारा. भुंग्यानं काचेला डोकं लावून बसावं तसा. आपलीच पेटी, आपणच जुळवलेली तार न तार, आणि तिला आवाज आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं! भीती बाजूला राहिली. 'हा सूर कुणाचा?' हा एकच प्रश्न तिच्याभोवती गरगरायला लागला. की तीच त्याच्याभोवती गरगरायला लागली म्हणा.

कारखान्यात परतल्यावर तिनं चहा केला आणि प्यायला विसरली.

टिचक्या ठरावीक ठेक्यात पडल्या तर त्यांचे सूर जमतात, हे तिला माहीत होतं. म्हणून तर तिनं टिचक्या उलटसुलट केल्या होत्या. नाणं उडवल्यासारखी, एक सुलट, दोन उलट, पुन्हा सुलट, कसलाही नेम नाही. ठेकाच नाही तर सूर कुठून? तिनं मोजायचं यंत्र पुन्हा लावलं. रेघ सपाट. नियमात सांगितलंय तसंच तिनं यंत्र ठेवलं होतं, जाड्या नजरेचं. आता कुतूहल म्हणून नजर बारीक केली, आणखी बारीक केली. आणि त्या सपाट रेघेला दात फुटले. एकसारखे, एकमेकांना लागून, उभे. लांबून पाहिलं तर कंगवाही पट्टीच दिसतो.

दातांमधलं अंतर तिनं मोजलं आणि कपाळाला हात लावला. ते अंतर पेटीच्या एका फेरीशी, म्हणजे भिंत एकदा पूर्ण चाचपायच्या वेळाशी, जुळत होतं. उलटसुलट टिचक्यांची रांग तिनं प्रत्येक फेरीला पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती, कारण तसं केलं की फेरीशी फेरी ताडून पाहायला सोपं जातं. सोयीसाठी. पेटी बिचारी बेताल बडबडत होती खरी, पण तीच बडबड, त्याच क्रमानं, पुन्हा पुन्हा. आणि कितीही बेताल बोल असोत, ते घोळून घोळून म्हटले की त्यांचं गाणं होतंच. पाळण्यापाशी बसलेल्या प्रत्येक आईला हे ठाऊक असतं. भिंगरीलाच तेवढं पडद्यावर दिसलं नाही, कारण पडदा बघताना तिनं कान लावला नव्हता.

तिनं रांग मोकळी सोडली. फेरी संपली तरी नाणं उडतच राहील, मागचं पुन्हा म्हणायचं नाही. कंगव्याचे दात विरघळले. गाण्याची वाळू झाली.

पण वाळूही मावशीच्या कानात पडायला नको होती. रावांचा रेडिओ दुबळा, त्याच्या एका सुराएवढी जागा पूर्ण रिकामी हवी. सगळ्या सुरांत सांडणाऱ्या टिचकीतून एकच सूर वगळायचा कसा? भिंगरीनं एका टिचकीमागे लगेच तिची जुळी बहीण पाठवली. मधलं अंतर असं, की रावांच्या सुरात पहिलीची लाट वर चढते तेव्हा दुसरीची खाली उतरावी. बाकीच्या सुरांत दोघी आपापल्या परीनं नांदतील, त्या एका सुरात मात्र एकमेकींना पुसून टाकतील. पडद्यावरच्या रेघेत खाच पडली, खोल आणि नीट, जणू कुणी गर्दीत एका माणसापुरती वाट करून दिली.

फुकट काहीच होत नाही. जुळ्या टिचक्यांमुळे भिंतीतली प्रत्येक वीट आता दोनदा दिसायला लागली. एक सावली हिशेबानं पुसता आली, तरी चित्र आधीपेक्षा धूसरच. भिंगरीनं साहेबांना बोलावून ते तसं स्पष्ट सांगितलं.

"धूसर म्हणजे किती?" साहेबांनी विचारलं.

"तडा कसा दिसतो ते आधीइतकं कोरीव कळणार नाही. सरकला तर कळेल."

साहेबांनी कारखान्यातल्या नमुन्याच्या भिंतीमागे एक पत्रा धरला आणि कागदाच्या जाडीइतका ढकलला. पेटीनं लगेच बोंब मारली. त्यांनी पुन्हा ढकलला, पुन्हा बोंब. मग तिच्या देखत नुसताच ढकलल्याचा आव आणला. पेटी गप्प.

"मला भिंतीचा फोटो नको," साहेब म्हणाले. "ती हलली की पेटीनं सांगावं, बास. पण या गोष्टीची एवढी उठाठेव का?"

"रंगमंचावर एक नाजूक रेडिओ आहे," भिंगरी म्हणाली. "दिवेवाल्याचा."

शुक्रवारी तालमीला पेटी चालू होती. मावशी भिंतीला टेकली. भाषण सुरू झालं, आणि दुसऱ्याच वाक्याला ती थिजली. डोळे भिरभिरले. कान चाचपला. मग सरळ विंगेत निघून आली.

"मेलंय हे. तुझ्या पेटीनं मारलं माझं यंत्र!"

भिंगरीनं दाणा स्वतःच्या कानात घातला. "काका, बोला." रावांचा आवाज स्वच्छ आला, शेजारी बसल्यासारखा. "मावशी, चालू आहे गं. मागचा आवाज गेलाय म्हणून तुला वाटतंय."

"मग ते बोलले का नाहीत?"

"तू कुठं विसरली होतीस?" राव कळवळून म्हणाले. "तुला येत होतं. मी कशाला बोलू?"

मावशी एका खोक्यावर बसली आणि म्हणाली, "ते भुणभुणत होतं तेव्हा शब्द कळत नव्हता, पण रेडिओ जिवंत आहे एवढं तरी कळत होतं. तेवढ्यात त्याचीच सवय झाली. आता काहीच नाही. विहिरीच्या काठावर उभं राहून आत दोर आहे की नाही ते दिसू नये, तसं. विसरायच्या आधीच भीतीनं विसरायला होतंय."

मोठ्या मेहनतीनं भिंगरीनं एक जागा रिकामी केली होती, आणि माणसाला रिकामी जागा नको होती. आता खाच बुजवून थोडी वाळू सोडायची का पुन्हा? ती किती सोडायची? ती मनात आकडे मांडायला लागली, आणि मध्येच थांबली.

"मावशी, काय ऐकू आलं तर बरं वाटेल?"

"कुणीतरी आहे, एवढंच."

भिंगरी रावांकडे वळली. "काका, तुम्ही माइक तोंडापासून लांब धरता ना? ओळ द्यायची तेवढ्यापुरता जवळ आणता."

"अर्थात. माझा आवाज जाऊ नये म्हणून. चाळीस वर्षं हेच तर शिकलो."

"आता जवळच ठेवा. आणि श्वास घ्या."

"घेतोच की."

"तिला ऐकू येईल असा घ्या."

कुजबुजरावांची जी पंचाईत झाली ती पाहण्यासारखी होती. माइक नाकाशी धरून ते इतके सावध झाले, की श्वास घ्यायचाच राहून गेला आणि तोंड लाल झालं. मग एकदम इतका मोठा घेतला, की मावशी दचकून म्हणाली, "अहो, बुडताय की काय!" दिवेवाला हसून हसून खुर्चीवरून घसरला. त्याला काय चाललंय ते कळलं नव्हतं. आणि कळलं असेल तर त्यानं तसं दाखवलं नाही. होता होता राव विसरले, की आपण श्वास घेतोय. तेव्हा मावशीचा चेहरा सैल झाला. ती उठून भिंतीकडे गेली.

शनिवारी नाटकगृह भरलं. भिंगरी विंगेत, पेटीतलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यापाशी बसली होती, कानात दुसरा दाणा. शेजारच्या खड्ड्यातलं काम संध्याकाळी थांबलेलं. पडद्यावर भिंत स्वस्थ होती, धूसर, आपल्या जागी. कानात कुजबुजरावांचा श्वास येत होता, जात होता.

पहिल्या अंकात मावशीचा एकदा शब्द अडला. राव बोलले, मावशीनं उचलला. कुठंही सांधा दिसला नाही.

शेवटच्या अंकात ती खुर्चीवरून उठली, मागे गेली, विटांना पाठ टेकली. समोर मुलगा मान खाली घालून उभा. तिनं गुन्हा सांगितला, पुरावे सांगितले, मुलाच्या लहानपणाची एक गोष्ट सांगितली, आणि निकालाच्या दारात येऊन थांबली.

प्रेक्षकांत कुणी चुळबूळ करेना. थांबणं लांबत गेलं. भिंगरीनं मावशीच्या डोळ्यांत पाहिलं. हे नाटक आहे की दिवा विझलाय? तिला काही केल्या कळेना. कानात श्वास तसाच, सावकाश. काका बोलत का नाहीत? तेही मावशीकडेच पाहत होते, मान किंचित पुढे, ओळ ओठांवर धरून. मग भिंगरीच्या कानात त्यांचा श्वास एकदम आत ओढला गेला. छोटा, अर्धाच. ते आता बोलणार.

ते बोलायच्या आत मावशी बोलली.

"दोषी," ती म्हणाली. हळू. इतकं हळू, की अख्ख्या नाटकगृहाला पुढे वाकावं लागलं. आणि तिथून पुढचं सगळं भाषण ती शेवटपर्यंत एकटीनं चालत गेली. कुजबुजराव कानात नुसते होते.

पडदा पडल्यावर, हारतुरे होऊन माणसं पांगल्यावर, भिंगरीनं रंगभूषेच्या खोलीत मावशीला गाठलं. मावशी तेलाच्या बोळ्यानं तोंडावरचा रंग उतरवत होती.

"खरं सांग. त्या जागी विसरली होतीस?"

"साफ. पांढरं झालं होतं सगळं."

"पण त्यांनी शब्द दिलाच नाही! मी ऐकत होते."

"श्वास घेतला ना."

"मग?"

"अगं, लांब वाक्य सांगायचं असलं की ते छाती भरून घेतात. तो एवढासा होता. एका शब्दाचा." मावशीनं बोळा टाकला. "आख्ख्या नाटकात एका शब्दाचं वाक्य ते एकच आहे."

भिंगरी ताडकन उठली आणि दाराकडे धावली.

"आता कुठं निघालीस?"

"काका गेले नसतील अजून," भिंगरी जिन्यावरून ओरडली. "दोन शब्दांचं वाक्य असलं तर ते किती घेतात, ते विचारायचंय!"